बेल वाजली की

"सध्या सुट्टीवर आहे," असं म्हणताना मास्तर दोन्ही हात पाठीमागे न्यायचे. शाळेत प्रार्थनेला मुलं उभी राहतात ना, अगदी तसे. मला आधी वाटलं, माणूस नम्र आहे. पुढे कळलं, हात कोरडे नसायचे. कधी कणीक, कधी साबणाचा फेस, कधी भेंडीची चिकटाई.

तुमच्याही इमारतीत असा कुणीतरी असेल, ज्याचा हात तुम्ही कधी नीट पाहिलेला नसेल. आठवून बघा.

बदलापूरजवळ सोनिवलीच्या आमच्या इमारतीत मास्तरांचं बिऱ्हाड बरोब्बर आमच्या डोक्यावर होतं. मी घरी साड्यांना फॉल-बीडिंग करते आणि मास्तर एके काळी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते, म्हणून ओळख लवकर झाली. माझ्या कात्रीला धार लावून द्यायचे ते. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खडूने आखायचं आणि मशीनने सगळे थर एकदम कापायचे, हे त्यांचं काम. हात हलला की ढीगभर पँटी वाया. त्यांचा हात हलत नसे, असं ते सांगायचे नाहीत, पण मला दिसायचं. साडीच्या काठावरून बोट फिरवून सांगायचे, "ताई, हा तिरका गेलाय बघा." आणि तो गेलेला असायचा.

कारखान्याचा गाळा एक दिवस बंद झाला. सिंधी शेठ भला माणूस असावा, कारण जाताना तो म्हणाला म्हणे, "मास्तर, थोडे दिन छुट्टी समझो. काम निकला तो बुला लूंगा." काम काही निघालं नाही. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. पण शेठने दिलेला शब्द मास्तरांनी सोडला नाही. सुट्टी म्हणजे सुट्टी. ती वर्षानुवर्षं चालली.

बायको सुनीता अंबरनाथला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. आज पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, मधेच ओव्हरटाइम. घरात मोठी मुलगी पूर्वा, धाकटा सोहम आणि मास्तरांची आई. आजी शहाडजवळच्या गावची. भाताची शेती गेली, जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, पण बोली तिने सोडली नव्हती आणि आवाजही शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारण्याइतका होता. कानाने मात्र कमी ऐकायची. एवढ्या माणसांचे डबे, पाणी, औषधं, शाळा, कपडे, सगळं कोण बघत होतं हे सांगायला नकोच. पण ते कुणी बोलायचं नाही, असं इमारतीत ठरून गेलं होतं. का ठरलं, तेही सांगते.

गच्चीवर सत्यनारायण होता. प्रसादाच्या पंगतीत कुणीतरी मास्तरांना विचारलं, काय चाललंय. "सध्या सुट्टीवर आहे," मास्तर म्हणाले. त्यावर आमचे हे, ज्यांना आजही घरात मिठाची बरणी कुठल्या फळीवर असते हे माहीत नाही, ते मोठ्याने म्हणाले, "मग यंदा संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण तुमच्याच हातून लुटू द्या मास्तर!" सगळी गच्ची हसली. मास्तर सगळ्यांत जास्त हसले. हसताना त्यांनी हातातला द्रोण खाली ठेवला आणि हात पाठीमागे नेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी ह्यांना बोलले, तर म्हणतात, "अगं, गंमत केली. त्यालाही हसू आलं की!"

त्यानंतरच वरची धावपळ सुरू झाली. म्हणजे असं व्हायचं की, वर बेल वाजली की आमच्या छतावर पळापळ. एक जोडी पावलं उजवीकडे, एक जोडी डावीकडे, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, मग शांत. मग दार उघडायचं. मी फॉल लावता लावता ऐकायची आणि मला काही केल्या उलगडा होईना.

उलगडा झाला तो सोहममुळे. तो कचऱ्याची बादली ठेवायला खाली गेला होता आणि दार उघडंच टाकलं होतं. मी कात्री घेऊन वर गेले ती सरळ आत. समोर स्वयंपाकघर. मास्तर ओट्याशी उभे. अंगावर निळ्या जीन्सच्या कापडाचा, स्वतः शिवलेला एप्रन, त्याला खिसेच खिसे. एका खिशात कपड्यांचे चिमटे, एकात खडू, एकात आजीची गोळ्यांची पट्टी. तव्यावर पोळी फुगलेली आणि पूर्वा पाटावर बसून पोळ्या चतकोर करतेय.

"पाव आणि अर्धी मिळून किती?" मास्तर पाठमोरेच विचारत होते.

"पाऊण."

"बरोब्बर!" आणि उत्तर बरोबर आलं की त्यांची जी खूण होती ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. उजव्या हाताची दोन बोटं हवेत कात्रीसारखी चालवायची. कच्च. पूर्वाने पाऊण पोळी ताटात घेतली आणि खाऊ लागली, कारण उत्तर बरोबर आलं की ते खायचं असा नियम होता.

मग मास्तर वळले आणि मी दिसले. तुम्ही कधी एखाद्याला कपडे बदलताना चुकून पाहिलंय? तसा चेहरा झाला त्यांचा. हात मागे गेले. पिठाचा ठसा पाठीमागे सदऱ्यावर उमटला असणार.

"सध्या सुट्टीवर..." ते म्हणू लागले.

"पोळी करपतेय," मी म्हणाले. तेवढंच सुचलं.

त्यांनी पोळी उलटली. ती उलटल्यावर मग लपवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. "ताई, तुम्ही घरच्याच," ते म्हणाले. त्यातली विनंती मला कळली. कुणाला सांगू नका, अशी होती ती.

स्वयंपाकघराच्या दारामागे, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, त्यांनी पडद्याएवढं कापड टांगलं होतं. त्यावर जुन्या जीन्सचे मागचे खिसे शिवलेले, वाराला एक. खिशात पुठ्ठ्याच्या पट्ट्या. पट्टीच्या एका बाजूला घरातलं काम आणि उलट बाजूला त्यातून शिकायची गोष्ट. मुलांनी सकाळी आपापली पट्टी ओढायची. शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ सगळी मास्तरांची. नळाला पाणी आलं की बादल्या भरताना लिटर. डाळ निवडताना दहा-दहाचे गट. सोहमला एकदा मोज्यांच्या जोड्या लावायचं काम आलं, उलटीकडे सम आणि विषम. एक मोजा उरला. "हा विषम," सोहम म्हणाला, मग विचार करून म्हणाला, "आजीपण विषम आहे. आजोबा नाहीत ना." मास्तरांची बोटं कात्रीसारखी वर गेली आणि अर्ध्यात थांबली. त्यांनी चटकन आजीकडे पाहिलं. तिला ऐकू आलं नव्हतं. मग मात्र आम्ही सगळे इतके हसलो की आजी म्हणाली, "माना पन सांगा ना काय झालं ता!"

हे सांगताना मला किती बरं वाटतंय. इथेच थांबता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

मी तिथे असतानाच एक दिवस बेल वाजली. कुरियरवाला होता. आणि छताखालून जे मी ऐकत होते ते डोळ्यांनी पाहिलं. पूर्वाने मास्तरांच्या हातातलं लाटणं घेतलं. मास्तरांनी एप्रनच्या गाठीचं टोक ओढलं; ती गाठ त्यांनी अशी बांधली होती की एका ओढीत सुटावी. एप्रन खुंटीवर. सोहम ओला रुमाल घेऊन हजर. हात पुसले. सोहमने खुर्ची ओढली, पूर्वाने पेपर दिला, मास्तर पायावर पाय टाकून बसले. मग पूर्वाने दार उघडलं. कुठे सांडलं नाही, कुणी कुणावर आदळलं नाही. शाळेच्या कवायतीत इतकी शिस्त मी पाहिली नाही.

कुरियरवाला गेल्यावर मुलं हसत सुटली. त्यांच्यासाठी तो खेळ होता. सगळ्या खेळांत आवडता होता, असं म्हणायला हवं. "काकू, आज लवकर झालं ना?" सोहमने मला विचारलं. मास्तर पेपराची घडी घालत होते. घडी नीट घालायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

आता माझं सांगते. मला त्या माणसाची दया आली. त्यांची तारांबळ होऊ नये म्हणून मी वर जाताना जिन्यातूनच हाक मारायला लागले, "येतेय हो, मी येतेय!" आणि मधल्या वळणावर जरा थांबायची. वरची पावलं शांत झाली की मग बेल. माझं बघून दूधवालाही जिन्यात किटली वाजवू लागला. झाडूवाली मावशी खोकायची. पोस्टमन पहिल्या मजल्यापासून नाव पुकारत यायचा. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. चांगुलपणाच होता सगळा. आख्ख्या इमारतीने मिळून एका माणसाला लपायला वेळ दिला आणि त्याबद्दल आम्हाला स्वतःचं कौतुकही वाटत असे. आज तोंड लपवावंसं वाटतं ते त्या कौतुकापायी.

मास्तर मुलांकडून एक फार सुंदर गोष्ट करून घेत होते तेव्हा. पलंगावर उशा ठेवून डोंगर, जुन्या पँटीची लांब पट्टी म्हणजे उल्हास नदी, आणि काठाकाठाने बटणं म्हणजे गावं. वांगणी, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. नदी पुढे शहाडच्या पुलाखालून जाते म्हणून तिथे आजीसाठी पितळेचं मोठं बटण. पुढे तेच सगळं एका चादरीवर शिवून पूर्वाने शाळेत नेलं. टाके तिचेच होते, वेडेवाकडे. पण नदीचं प्रत्येक वळण जिथल्या तिथे होतं.

त्या चादरीपायीच बाई घरी आल्या.

मी आजीजवळ मेथी निवडत बसले होते. बेल वाजली. जिन्यात कुणी हाक मारली नव्हती, कारण येणारीला आमची रीत ठाऊक नव्हती. मास्तर कणीक मळत होते, दोन्ही हात मनगटापर्यंत भरलेले. पूर्वाने एकदा त्या हातांकडे पाहिलं, एकदा दाराकडे. वेळ पुरणार नव्हता. तिने स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं, फ्रॉक सारखा केला आणि दार उघडलं.

तिच्या वर्गाच्या बाई होत्या. तरुण, हसऱ्या. इकडच्याच कुठल्याशा इमारतीत राहायच्या, जाता जाता डोकावल्या होत्या. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझी नदी मी मुख्याध्यापकांना दाखवली. सगळ्या शाळेला आवडली. कोण करून घेतं हे तुझ्याकडून?"

पूर्वाने फ्रॉक पुन्हा सारखा केला.

"बाबा ना? मला वाटलंच. आहेत का? मला त्यांनाच भेटायचंय. आमच्या वर्गावर येऊन मुलांकडून असं काहीतरी करून घेतील का, विचारायचं होतं."

मी मेथीची काडी हातात धरून बसले होते. स्वयंपाकघराचं दार माझ्यापासून हाताच्या अंतरावर. आत कणकेचा आवाज थांबला होता. इतक्या वर्षांनी त्या माणसाला कुणीतरी बोलवायला आलं होतं. शेठ नाही आला, पण ह्या बाई आल्या होत्या. मला वाटलं, आता येतील. हात भरलेले असू देत, तसेच येतील.

"बाबा कामावर गेलेत," पूर्वा म्हणाली.

मान वर करून, बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाली. पाढा म्हणावा तसं. हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिचं तिने तयार केलं होतं.

पूर्वाच्या ओठांची हालचाल बघून असेल, किंवा त्या दिवशी देवाच्या मनात असेल म्हणून असेल, पण आजीला नेमकं तेवढं ऐकू आलं. "कामाव? कुठं कामाव?" तिचा तो शेतातला आवाज. "तो काय आतमंदी पीठ मलतोय! काय रं, भायेर ये ना! पोरीची बाई आयलीय!"

पूर्वाचा चेहरा लालबुंद झाला. बाईंचाही झाला. माझाही झाला असणार. आम्ही तिघीही त्या बंद दाराकडे बघत होतो आणि कुणालाच त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

दार उघडलं नाही.

"ये ना रं!" आजी पुन्हा ओरडली.

"राहू दे आजी, राहू दे, मी घाईतच आहे," बाई उठल्या. जाताना त्यांनी पूर्वाच्या केसांवरून हात फिरवला. खोटं बोललीस असं त्या म्हणाल्या नाहीत. कळलं होतं त्यांना.

मग मास्तर बाहेर आले. कणीक बोटांवर सुकायला लागली होती. ते पूर्वाकडे बघत राहिले आणि पूर्वा त्यांच्याकडे. दर उत्तरानंतर बघायची तशी. बरोबर की चूक, एवढंच तिला हवं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं. चूक म्हणायचं असावं त्यांना, मला खात्री आहे. पण चूक कशाला म्हणणार? त्यांचा उजवा हात वर आला, पिठाने भरलेली दोन बोटं कात्रीसारखी एकदा उघडली आणि मिटली.

"बरोब्बर," ते म्हणाले.

पूर्वाचा जीव भांड्यात पडला. ती जवळ आली आणि अगदी कामाचं बोलावं तशी म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी आजीला आधी आत नेऊन बसवायचं का?"

मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. आजी मला विचारत राहिली, "काय बोलली? काय बोलली पोरगी?" मी मेथी तशीच टाकून घरी आले. घरी आल्यावर बराच वेळ हाताला मेथीचा वास येत होता आणि मला ह्यांच्यावर, इमारतीवर, स्वतःवर, कुणावर चिडावं ते समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाचं निमित्त काढून वर निघाले. सवयीने जिन्यातून हाक मारली, सवयीने वळणावर थांबले. वर पावलं वाजली नाहीत. बेलला हात लावायच्या आधीच दार उघडलं. मास्तर उभे. अंगात एप्रन, हातात लाटणं, कानाच्या पाळ्या लाल. पहिल्यांदा स्टेजवर ढकललेल्या मुलासारखा आवाज.

"या ताई. पोळ्या करतोय."

एवढे तीन-चार शब्द बोलायला त्यांना रात्रभर तयारी करावी लागली असेल. मला इतका आनंद झाला की मी दारातच हसत उभी राहिले. तेवढ्यात पूर्वा आतून धावत आली आणि मागून तिने एप्रनच्या गाठीचं टोक ओढलं. ती गाठ एका ओढीत सुटणारी. एप्रन मास्तरांच्या पायांशी पडला.

"बाबा! काकू जिन्यात थांबल्या होत्या ना!" ती रडकुंडीला आली होती. "त्या हाक कशासाठी मारतात मग? वेळ होता ना तुम्हाला!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं की मला माहीत होतं. पण ते असं उघड्यावर, मुलीच्या तोंडून, कधी आलं नव्हतं. मला वाटलं होतं, माझी हाक फक्त मास्तरांना ऐकू जाते. आम्ही मोठी माणसं किती मूर्ख असतो. त्या हाकेचा अर्थ सगळ्यांत नीट तिने शिकून घेतला होता. बाबांमध्ये लपवण्यासारखं काहीतरी आहे, एवढी शहाणीसुरती काकूसुद्धा ते जाणते आणि थांबते. मास्तरांनी वाकून एप्रन उचलला, झटकला, आणि हात पाठीमागे नेले.

नंतर त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एक-दोनदा दार त्यांनीच उघडलं. पण पूर्वाचा चेहरा बघितला की एप्रन आपोआप सुटायचा. खिशांतल्या पट्ट्या चालू होत्या, नवीन यायच्या. सोहम अजून हसत खेळत शिकायचा. पूर्वा उत्तरं द्यायची, पण खिडकीकडे बघत.

पुढे पालकसभा झाली. सुनीता सुट्टी काढून गेली होती. परत आल्यावर जिन्यातच माझ्याकडे थांबली. बाईंनी मास्तरांना वर्गावर बोलावण्याचा निरोप पूर्वाकडून दोनदा धाडला होता म्हणे. घरी तो पोचलाच नव्हता. पूर्वाने परस्पर उत्तर दिलं होतं.

"काय उत्तर दिलं?" मी विचारलं.

"बाबांना सुट्टी मिळत नाही." सुनीता हसू लागली आणि हसता हसता ओढणीने डोळे पुसू लागली. "ताई, मला कधी वाटलं नाही हो त्यांनी बाहेर जावं असं. ते घरात आहेत म्हणून मी तिकडे निर्धास्त उभी असते. पण हे तिला कसं सांगू? ती ऐकते कुठे?"

तिने नवऱ्यालाही ते सांगितलं. मास्तरही हसले म्हणे. आणि त्याच आठवड्यात त्यांनी कुणाकुणाला फोन लावले. गुजरातच्या बाजूला, वापीच्या पुढे, एका कारखान्यात कटिंगचं काम मिळालं. राहायची सोय तिथेच. सणासुदीला यायचं.

इमारतीने काय अभिनंदन केलं त्यांचं! बॅग घेऊन खाली उतरले तर पुरुषमंडळी फाटकापर्यंत सोडायला. आमच्या ह्यांनी पाठीवर थाप मारली. "वा मास्तर! संपली म्हणायची सुट्टी. आता कसं माणसासारखं वाटतंय." मला ह्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. मास्तर हसले. एका हातात बॅग, एका हातात पाण्याची बाटली. कोरडे, स्वच्छ, सगळ्यांना दिसतील असे हात. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. साबणाने आणि सोड्याने कातडी पार उलून गेली होती.

माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, वर जाताना हाक मारत जा हो. पोरं एकटी असतात."

आजीला तिची लेक शहाडला घेऊन गेली. सुनीताच्या पाळ्या चालूच. सकाळी मुलं दोघंच. मी आवाजाकडे कान ठेवून असते. लाटणं वाजतं, नळ चालू होतो, बंद होतो. काम सगळं होतं वर. मास्तरांनी शिकवलेलं काहीच वाया गेलेलं नाही.

परवा वर गेले. या वेळी हाक मारली नाही, वळणावर थांबले नाही. तशीच जाऊन बेल वाजवली. आत पावलं धावली, एक जोडी उजवीकडे, एक डावीकडे. खुर्ची ओढल्याचा आवाज. मग दार उघडलं. सोहम खुर्चीवर पेपर उलटा धरून बसला होता. दारात पूर्वा. फ्रॉकवर निळ्या धाग्याचा एक तुकडा अडकलेला, एप्रनचा असावा. कोपराला पीठ. दोन्ही हात पाठीमागे.

मी काही विचारलं नव्हतं.

"बाबा कामावर गेलेत," ती म्हणाली.

आता ते खरं होतं, तरी या वेळी तिने मान वर केली नाही.